उपटलेला वाळा
माठातल्या वाळ्याचा वास आला की अजून मला ती सकाळ आठवते. यमुनेकाठी बाग होत होती, तिथे मी नवीनच कामाला लागले होते. सातवीत शाळा सुटलेली, गाव लांब. गवत दिसलं की खुरपायचं, एवढंच ठाऊक. सकाळभरात गवताची अख्खी ओळ उपटली आणि मग मुळांचा वास आला. वाळा! काठ धरून ठेवायला मुद्दाम लावलेला. आता काम गेलंच, म्हणून मी रडायला लागले. तेवढ्यात बागेचं काम बघणाऱ्या आमच्या मॅडम आल्या, त्याही मराठीच. "अगं बाई, सगळं साफ केलंस की!" म्हणत त्या चिखलातच बसल्या. "रडतेस काय? मुळं ओली आहेत अजून. चलो, लाव परत." आता लोक तिथे बसून नदी बघतात. मी मात्र येता-जाता आधी ती ओळ जागेवर आहे ना, ते बघते.