मेलेल्या माणसाची सही

माहलका मला आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. यज्दहून काशानला सून म्हणून आली, तेवीस वर्षं आमच्या गल्लीत राहिली, पण गालिच्याची एक गाठ मारायला शिकली नाही. दवाखान्यात खिडकीपाशी बसून नंबराच्या चिठ्ठ्या द्यायची आणि घरी येऊन दार लावून घ्यायची.

तिचा नवरा यदोल्लाह मात्र सगळ्या गल्लीचा. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. त्याचे वडील गालिच्याच्या कारखान्यात नक्षी पुकारायचे. 'दोन लाल, एक निळा, तीन मोतिया' असं ते गात राहायचे आणि वीस जणी त्या तालावर गाठी मारायच्या. कारखाना बंद पडला, माग घरोघरी गेले आणि पुकारणारं कुणी उरलं नाही. तेव्हा यदोल्लाहनं फोनसाठी अ‍ॅप केलं. नक्षी त्यात भरायची, की ते एकेक रंग पुकारणार, तेही त्याच्याच आवाजात. परदेशी दुकानानं आम्हा इराण्यांना दार लावलेलं, म्हणून त्यानं ते तेहरानच्या एका देशी अ‍ॅप-दुकानात ठेवलं. तब्रीजपासून किरमानपर्यंत बायकांनी ते उतरवून घेतलं. आपला हात थांबला, की जरा वेळानं त्यातून आवाज यायचा, "मी इथंच आहे, आबजी." आमच्याकडे ताईला आबजी म्हणतात.

एका सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तो कोसळला, तो उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या माहलकाकडे मयताचा हलवा घेऊन बसलो होतो. माझं घर भिंतीला भिंत लागून. मी फोन मागावर अ‍ॅप चालूच ठेवून आले होते. भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "मी इथंच आहे, आबजी." कुणी किंचाळलं नाही. माहलकानं हातातलं ताट हळूच खाली ठेवलं.

पण गालिचा काही सुतकाला थांबत नाही. आठवड्यात सगळ्यांनी त्याला पुन्हा लावलं. 'फिरोजी' म्हणताना त्याला एकदा ठसका लागला होता, तो तसाच राहून गेला होता. दुपारी गल्लीतून चाललं की या घरातून, त्या घरातून मेलेला माणूस खाकरायचा. मी मान खाली घालून चालायची.

आणि मग मला कळलं, की दुकानात त्या अ‍ॅपखाली बायका जे प्रश्न विचारतात, त्यांना उत्तरं मिळताहेत. यदोल्लाहच्या नावानं. मी तडक माहलकाकडे गेले.

"अगं, मेलेल्याच्या तोंडानं बोलतेस? लाज नाही वाटत?"

"त्यांचं खातं माझ्या फोनवर उघडंच राहिलंय," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर गप्प कशी बसू? ते वारले असं लिहायला घेते आणि हात उचलत नाही, अकदस खानुम." खानुम म्हणजे बाई; मला ती तसंच म्हणायची.

मग काय, मीही तिला सामील झाले. विणकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. उत्तर मी सांगायची, ती लिहायची. शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घालायची, 'हात दुखत नाहीत ना?' अशी दोन वर्षं गेली.

यंदा लोकांचे फोन बदलू लागले. नतन्झच्या एकीनं लिहिलं, "उस्ताद, माझ्या नव्या फोनमध्ये तुम्ही उघडत नाही." मग तशी रांगच लागली. यदोल्लाहच्या शाळेतले कमसरी मास्तर आले, त्याच्या लॅपटॉपवर बसून त्यांनी बिघाड काढला. पण सुधारलेलं अ‍ॅप दुकानात पाठवायचं तर त्यावर यदोल्लाहची सही लागते. ती सही म्हणजे लॅपटॉपमधली एक फाइल, आणि तिला परवलीचा शब्द. तो शब्द त्यानं कुणालाच सांगितला नव्हता.

माहलका दवाखान्यातून आली की लॅपटॉपपुढे बसायची. आधी स्वतःचं नाव घातलं. नाही. लग्नाची तारीख. नाही. सासूचं नाव, जुन्या गाडीचा नंबर. नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं.

"माझं नाव नाही, तर मग कुणाचं असेल?" एकदा तिनं विचारलं.

"आता परवलीच्या शब्दात सवत शोध," मी म्हटलं. ती हसली नाही. जीभ चावली मी.

शेवटी तिनं दुकानात फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "खानुम, तीच सही नसेल तर आमच्या लेखी ते वेगळं अ‍ॅप. नव्या नावानं ठेवा, आवाज तोच राहील. फक्त लोकांना जुनं काढून टाकायला सांगा. आणि नव्यावर हयात माणसाचं नाव लागेल. जुन्याचे मालक हयात आहेत ना?"

पलीकडची मुलगी दोनदा "हॅलो" म्हणाली.

चार दिवस तिनं लॅपटॉप उघडला नाही. पाचव्या दिवशी मला बोलावलं आणि माझ्यासमोर लिहिलं, "आबजींनो, तुमची ओळ कुठवर आली ते कागदावर उतरवून घ्या. मग मला फोनमधून काढून टाका; नवं अ‍ॅप वेगळ्या नावानं येईल. मी दोन वर्षांपूर्वी वारलो."

"अगं, मेलेला माणूस असं लिहितो का?"

"त्यांच्या खात्यातून दुसरं कोण सांगणार?" म्हणाली आणि तिनं ते पाठवलं.

आम्ही चहा केला, पण कुणीच प्यायलो नाही. पहिलं उत्तर नतन्झच्याच बाईचं आलं. मी मोठ्यानं वाचलं:

"आम्हाला ठाऊक आहे. उस्ताद उत्तर द्यायचे ते खेकसून, 'कान धुऊन ये' म्हणायचे. हात दुखतात का, हे त्यांनी जन्मात विचारलं नाही. आम्ही दर गुरुवारी त्यांच्यासाठी फातेहा म्हणतो. पण बाई, तू कोण? तुझं नाव काय?"

त्याखाली दुसरीनं विचारलं, "हो, नाव सांगा." मग तिसरीनं. किरमानहून, तब्रीजहून.

माहलकानं फोन माझ्या हातात दिला.

"तूच लिही, अकदस," ती म्हणाली. "मला माझ्या नावानं लिहायची सवय राहिली नाही."