गव्हाणेबाईंचा तिसरा अंक

शिरूरहून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. गव्हाणेबाईंच्या भाचेसुनेचा आवाज होता. "सर, आत्या गेल्या. झोपेतच… त्रास काही झाला नाही." मी "बरं" म्हणालो. पन्नास वर्षांच्या ओळखीनंतर माझ्या तोंडून निघाला तो एवढाच शब्द. फोन ठेवला, उरलेला गाल भादरला, चहा घेतला, आणि पेपर उघडला तर अक्षरं दिसेनात. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. गुडघ्यांमुळे अंत्यविधीला जाता आलं नाही. घरी बसून आठवत राहिलो, आणि जे आठवलं त्यात माझी बाजू काही फार चांगली नाही. आमच्यात सुरुवातीला मैत्री नव्हती. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मी त्यांच्या वाईटावरच होतो.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनपासून सायकलने जाण्याजोग्या अंतरावर एका गावात आमचं हायस्कूल होतं. मी पुण्यात शिकलेला, दौंडला खोली घेऊन राहणारा आणि सकाळच्या पॅसेंजरने केडगावला उतरणारा मराठीचा मास्तर. माझा आवाज चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला माहीत होतं. मी नाटक शिकवायला लागलो की शेजारच्या वर्गातली मुलं गप्प बसतात, असं मोठे सर पाहुण्यांना सांगायचे. मोठे सर म्हणजे आमचे हेडमास्तर. त्या जूनमध्ये बाई आमच्याकडे रुजू झाल्या. मूळच्या शिरूरच्या, वडील तिथं शिंपीकाम करायचे. बुटक्या, सावळ्या, खांद्याला वडिलांनी उरलेल्या कापडांतून शिवलेली पिशवी. आधी चार-पाच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून, बाहेरून बी.ए. करून त्या आल्या होत्या, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांचं नाव पडलं 'बालवाडीच्या बाई'. नाव मीच पाडलं होतं.

तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. अकरावीच्या दोन तुकड्या, 'अ' माझ्याकडे आणि 'ब' बाईंकडे. दुष्काळ नुकताच सरला होता. 'ब' तुकडीतली बरीच मुलं दुष्काळात खडी फोडायला, तळ्याच्या कामावर जात होती. नावं हजेरीपटावर आणि मुलं पाटी-घमेलं घेऊन उन्हात. ती शाळेत परत आली तेव्हा वाचनाची सवय पार मोडून गेली होती. अशा मुलांपुढं पाठ्यपुस्तकात एका जुन्या नाटकाचा तिसरा अंक आला. नाटकाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण दोष नाटकाचा नव्हता. गोष्ट साधी होती. राजाचे कान कुणीतरी भरतं, तो आपल्या इमानी प्रधानाला हद्दपार करतो, राणीला खरं ठाऊक असून ती गप्प राहते, आणि प्रधानाची मुलगी दरबारात न्याय मागायला येते. पण मुलीचं भाषण दीड पानाचं, आणि त्यातलं एकेक वाक्य मालगाडीसारखं. इंजिन पुढच्या फाटकात पोचलं तरी डबे इकडं चाललेलेच.

सहामाहीत 'ब' तुकडीतली अकरा मुलं मराठीत नापास झाली. त्या नाटकाच्या प्रश्नात तर बहुतेकांनी पान कोरंच ठेवलं होतं. मराठीचा प्रमुख म्हणून मी या अकरा जणांची यादी करून मोठ्या सरांना दिली. यांचे बोर्डाचे फॉर्म यंदा थांबवावेत, शाळेचा निकाल खाली येईल, असं खाली लिहिलं. बाईंना कळलं तेव्हा त्या सरळ ऑफिसात आल्या. मी तिथंच बसलो होतो.

"सर, फॉर्म भरायला अजून दीड महिना आहे," त्या म्हणाल्या. "तेवढा मला द्या. या मुलांनी नाटक वाचलेलंच नाही. त्यांनी नुसतं ऐकलंय."

"मग पुस्तक उघडायला सांगा," मी म्हणालो.

"उघडतात हो. पण आत जायला दार सापडत नाही त्यांना."

मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि दीड महिना दिला.

दुसऱ्या दिवसापासून 'ब' तुकडीत जे सुरू झालं ते मी पत्र्याच्या पार्टिशनमधून ऐकत होतो. बाईंनी पुस्तकं मिटायला लावली. बाकं भिंतीला सारली, जमिनीवर खडूनं दरबार आखला, घमेलं पालथं घालून त्याचं सिंहासन केलं. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, कुणी राजा, कुणी राणी, कुणी पहारेकरी. मग त्या विचारायच्या, "अंक सुरू होतो तेव्हा प्रधान राजापासून किती पावलांवर उभा असंल?" मुलं म्हणायची, एक. कुणी म्हणायचं, दोन. "आणि चुगली झाल्यावर?" मग भांडणं जुंपायची, पाच का सात. भांडण रंगात आलं की बाई म्हणायच्या, आता पुस्तक उघडा आणि कुठल्या वाक्याला तो मागं सरकला ते मला बोट ठेवून दाखवा. ज्या मुलांनी पानाकडं बघायचं सोडलं होतं ती एक वाक्य शोधण्यासाठी आख्खं पान चाळत होती.

ते दीड पानी भाषण त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कात्रीनं त्याचे आठ तुकडे केले, पिसले, आणि पोरांना क्रम लावायला दिले. वहीत दोन रकाने करायला लावले. एकावर 'आपलं', दुसऱ्यावर 'पुस्तकातलं'. आधी प्रत्येक तुकडा घरात बोलतो तसं बोलायचा, मग पुस्तकातले शब्द एकेक करून शेजारी बसवायचे. आणि एके दिवशी सांगितलं, राणी या अंकात एक अक्षर बोलत नाही, तर तिनं माहेरी पोस्टकार्ड लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? पाच ओळींच्या वर नाही. वरवंडच्या एका मुलानं दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्या बाईंनी मला पुढं कधीतरी दाखवल्या. 'आई, मला बोलायचं होतं पर मी गप बसले. आता कुणाला तरी मला न्यायला धाड.' सहामाहीत कोरं पान देणाऱ्यांतला हा मुलगा.

पण हे मला फार नंतर समजलं. त्या दिवसांत पार्टिशनपलीकडून ऐकू यायचं ते, "राजा लई हलक्या कानाचा हाय, बाई," आणि वर हशा. इकडं मी गळ्यातून गंभीर स्वर काढत उभा. माझा वर्गही तिकडं कान लावून. मला तो अपमान वाटला. मी मोठ्या सरांना लेखी दिलं की 'ब' तुकडीत अभिजात नाटकाची विटंबना चालू आहे, अशुद्ध भाषेला उत्तेजन मिळत आहे, ते थांबवावं. सुंदर अक्षरात, खाली सही करून. दोन दिवसांत बाईंना हुकूम गेला, तासाला फक्त पुस्तक वाचून शिकवायचं, खेळ बंद.

बाईंनी वाद घातला नाही. तासाला पुस्तक वाचून शिकवू लागल्या. आणि शाळा अकराची असताना ती अकरा पोरं नऊ वाजताच सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बाईंभोवती जमायला लागली. राहूच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून हौसा नावाची मुलगी तासभर चालत यायची. घरी पूर्वी मेंढरं होती, वडील नुकतेच शेतीला लागलेले. वर्गात ती मान वर करत नसे. माझ्या यादीत तिचं नाव तिसरं होतं.

मग बाईंची आई शिरूरला आजारी पडली आणि त्या दोन दिवस रजेवर गेल्या. 'ब' तुकडीचा तास मोठ्या सरांनी मला लावला. मी तयारीनं गेलो. या मुलांना एकदा खरं नाटक ऐकू दे, असं मनात होतं. प्रधानकन्येचं भाषण मी न बघता, आवाजाच्या सगळ्या चढउतारांसह म्हटलं. संपलं. वर्ग शांत. मला वाटलं, भारावलेत. अर्थ विचारला तर कुणी बोलेना. मी यादीतली तोंडं एकेक करून पाहत होतो, तेवढ्यात हौसा उभी राहिली.

"सर, आम्हाला येतंय ते. पर तुम्ही राजा व्हाल का? कुणाला तरी बोलल्याबिगर मला जमत न्हाई."

मी खुर्चीत बसलो. तिनं माझ्या खुर्चीपासून मागं मागं सात पावलं मोजली, तिथं थांबली, पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली, आणि बोलायला लागली. आवाज मोठा नव्हता.

"महाराज, माझ्या बापाला तुम्ही गावाबाहेर घातलं. तवापासनं आमच्या घरात चूल पेटली न्हाई. तुम्हाला कुणीतरी कायतरी सांगितलं, ते तुम्ही ऐकलं. पर माझ्या बापाला एकदा बी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता. आता मी आलेय. मला तरी इचारा."

एवढं बोलून ती थांबली, आणि मग तेच सगळं पुस्तकातल्या शब्दांत, सावकाश, एकही वाक्य न गाळता म्हणाली. मालगाडीचे सगळे डबे एकामागोमाग फाटकातून गेले… आता राजाचं उत्तर होतं. ते मला झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचं. त्या दिवशी ते तोंडातून फुटेना. या मुलीचं नाव मी माझ्या हातानं यादीत लिहिलं होतं, आणि लिहिण्याआधी तिला एक प्रश्नही विचारला नव्हता. मुलं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी कसाबसा "बस" म्हणालो. वेळ संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडलो.

ऑफिसात जाऊन मी मोठ्या सरांना म्हणालो, "ते माझं पत्र फाडून टाका." ते म्हणाले, "फाडता येत नाही, फाइलला लागलंय. दुसरं लिहा." मग दुसरं लिहिलं. अकराही मुलांचे फॉर्म पाठवावेत, आणि बाईंना हवं तसं शिकवू द्यावं. यावेळी अक्षर काही तितकं सुंदर आलं नाही.

निकाल लागला तेव्हा चमत्कार झाला असं नाही. मराठीत त्यांतले बहुतेक सुटले. हौसा मराठीत चांगल्या मार्कांनी सुटली आणि गणितात अडकली, पुढं दोनदा बसून तेही सोडवलं आणि नर्सिंगला गेली. दोन मुलं परत कधी दिसलीच नाहीत. बाईंना त्या दोघांचंच वाईट वाटत राहिलं, बाकीच्यांबद्दल त्या फारसं बोलत नसत. पुढच्या वर्षी मीही कॅलेंडरचे तुकडे करून पाहिले. मला ते तितकं साधलं नाही, कारण पोरं विचार करत असताना गप्प बसणं मला जमत नसे. बाईंना ते जमायचं. प्रश्न विचारून त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या, जणू उत्तराची घाई त्यांना नाहीच.

काही वर्षांनी बदली घेऊन त्या शिरूरला गेल्या. लग्न केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबात राहायच्या. मी अधूनमधून जाऊन यायचो. अशाच एका भेटीत, दोघंही निवृत्तीला आलो असताना, मी एकदाचं बोललो. "बाई, तुमचं शिकवणं बंद पाडणारं पत्र माझं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्या सरांनी दाखवलं होतं. अक्षर फार छान होतं तुमचं."

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"भांडले असते तर तुम्हीच जिंकला असता. बोलायला तुम्ही माझ्यापेक्षा चांगले." मग हसल्या. "रजेवर जाताना म्हटलं मोठ्या सरांना, माझा तास तुम्हालाच लावा. पण आई खरंच आजारी होती हो."

मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "राहू द्या. चहा निवतोय."

गेल्या रविवारी गुडघ्यांचं न ऐकता शिरूरला जाऊन आलो. निवृत्तीनंतर बाई ज्या पुढच्या खोलीत आसपासच्या कच्च्या मुलांना शिकवायच्या, तिथं मला बसवलं. गेली तीन वर्षं तेही बंदच होतं. घरात पुढच्या महिन्यात लग्न आहे, त्यामुळं रंगकाम काढलेलं. सामान मधोमध ओढून त्यावर चादर टाकली होती. दारासमोरच्या भिंतीला काळपट गोल डागांची एक ओळ होती, काही गुडघ्याएवढ्या उंचीवर, काही कमरेएवढ्या. आधी मला ते ओल आल्यासारखे वाटले. मग भाचेसून म्हणाली, "पोरं टेकून बसायची ना सर, त्यांच्या डोक्याचं तेल आहे ते. रंग काढायचा म्हटलं की आत्या म्हणायच्या, ही भिंत सोडून काय ती रंगवा."

रंगारी बादली घेऊन आत आला. भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "वहिनी, हे आधी घासून काढावं लागंल. न्हाईतर रंगातनं डाग वर येतील."

ती डागांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तेवढी भिंत राहू द्या."

"लग्नघर हाय, वहिनी. येगळं दिसंल."

"दिसू दे," ती म्हणाली. त्यानं शिडी उचलली आणि दुसऱ्या भिंतीला लावली.