मोठ्या बाईंची चौकशी

अमरावतीत पोलिसांना न भिणारी माणसं पुष्कळ होती, पण आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाईंना न भिणारं माणूस मी तरी पाहिलं नाही. ही साठ सालाच्या आधीची गोष्ट. बाई दारातून आडव्या होऊनच आत येत, अन् आवाज असा, की बोळातल्या म्हशीनं पान्हा चोरावा! बालवाडीत सेविका ठेवायची असो की पोरं आणणारा टांगेवाला, त्याच्या गावी जाऊन आल्याशिवाय बाई त्याला पोरांजवळ उभं करत नसत. कोणी चारित्र्याचा दाखला काढला, की म्हणत, "ठेव तो खिशात. कागद साऱ्यायचाच गोड बोलते." मग एस.टी.नं तिथे जायचं, त्याच्या गल्लीत एखाद्या ओट्यावर फतकल मारायची, अन् पोरांशी सागरगोटे खेळायचे. खेळात चक्क लबाडी करायच्या हो! पोरं भांडायला उठली, की त्या भांडणातच हळूच विचारायच्या, "अन् तो अमका कसा हाय रे?" अकोल्याचे एक मास्तर चांगले शिक्क्यांचे दाखले घेऊन आले होते. त्यांचं नाव काढल्याबरोबर तिथली पोरं डाव टाकून घरात पळाली. बाईंनी मास्तरांना बालवाडीची पायरीसुद्धा चढू दिली नाही.

अशा बाईंकडे मी सेविकेची जागा मागितली! नवरा वारला, सासरी निभेना, म्हणून परतवाड्याहून भावाच्या घरी आलेली मी. वहिनी रोज विचारायची, "कवापर्यंत राहता, वन्सं?" बाई म्हणाल्या, "उद्या जातो तुया सासरी." सासू काय सांगेल ते मला तोंडपाठ होतं. ही जागा गेली तर मी जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं, वहिनीचं बोलणंही ऐकू येईना.

संध्याकाळी बाईंकडे गेले. त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. मी चौकट धरून उभी.

"तुई सासू म्हणे, घरबुडवी हाय."

मी तिथेच खाली बसले.

"काहून रडून राहिली वो? सासूले कोनं विचारलं? तुया जावेच्या लहान पोरीले विचारलं मी. तिनं डाव सोडला अन् मलेच विचारलं, काकू घरी कवा येईन? सकाळी ये कामावर."

त्या बालवाडीतच माझे केस पिकले. बाईंना जाऊनही आता किती वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपून द्यायची, इकडचं-तिकडचं सारं बोलायची. पण जावेच्या त्या पोरीला, काकू कधी येईल म्हणून, त्यांनी काय सांगितलं, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही.