तलासरीत बदललेलं बेअरिंग

नाशिकहून निघालो तेव्हा दादा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून ऐकत होते. मला बरोबर घेतलं होतं तेच मुळी ऐकण्यासाठी. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून झाली, त्यामुळे आमच्या घरात माझ्या कानांवर सगळ्यांचा भारी भरवसा. कुणाकडे पंखा कुरकुरला तरी मला बोलावणं येतं.

गेले काही महिने दादाला एक आवाज ऐकू येत होता. खालच्या पट्टीतला, एकसुरी, न थांबणारा. गाडीत तर यायचाच, पण घरातही येतो असं तो एकदा मुलाजवळ, अमोलजवळ, बोलून गेला आणि तिथेच फसला. कधी फ्रिजचं बटण बंद करून, कधी पाण्याची मोटर बंद करून तो भिंतींना कान लावत फिरायचा. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा तर अमोल जास्तच घाबरला. वहिनी गेल्यापासून दादा एकटाच राहतो. अमोलने मला पुण्याहून फोन करून स्पष्टच सांगितलं, "आत्या, आवाज गाडीत असेल तर गाडी दुरुस्त करू. बाबांच्या डोक्यात असेल, तर मी घराला कुलूप लावून त्यांना इकडे घेऊन येणार. तू सांगशील ते मी मानेन." झाईला आमच्या मावसभावाची, वसंताची, चिकूची वाडी आहे. तिकडे जायचं निमित्त काढलं. हेरगिरीच ती, दुसरं काय!

भाद्रपदातलं आभाळ होतं, ना धड पाऊस ना धड ऊन. जव्हारचा घाट धुक्यात उतरलो. दादा अधूनमधून विचारायचा, "आला?" मी म्हणायची, "नाही रे." प्रत्येक 'नाही'ला त्याचा चेहरा जरासा उतरायचा. कासा गेलं, चारोटीला हायवेला लागलो आणि गाडीने वेग घेतला. तेव्हा मला तो ऐकू आला. आधी पायांना कळला, मग कानांना. पायाखालच्या पत्र्यातून कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय, तसा घूंऽऽ. रस्ता डावीकडे वळला की वाढायचा, उजवीकडे वळला की दबायचा.

"दादा, मला ऐकू येतंय!" मी जवळजवळ ओरडलेच.

 दादाने नुसती एकदा माझ्या हातावर थाप मारली आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं. इतके दिवस माणूस खरं सांगत होता आणि आम्ही त्याच्या वयाकडे बोट दाखवत होतो.

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या डोंगरापुढे त्याने गाडी बाजूला घेतली. डोंगराचा सुळका ढगात गेला होता. रस्त्याच्या खालच्या अंगाला हिरवीगार भातखाचरं, शेतात माणूस नाही, पाखरू नाही, वाऱ्याने पातंही हलत नव्हतं. दादाने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि शेताकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग मागे न बघता म्हणाला, "शैला, थांबला का गं आवाज?"

"गाडी थांबली की थांबणारच ना!"

"हो ना," दादा म्हणाला. तो गाडीत येऊन बसला, पण मान शेताकडेच होती.  मी काच वर केली.

तलासरी नाक्यावरच्या गॅरेजात मालक होते दिनेशभाई, पोटावर ग्रीसचे डाग असलेले हसतमुख गृहस्थ. त्यांनी सर्व्हिस रोडवर गाडी डावी-उजवी अशी झुलवत एक चक्कर मारली. परत येऊन म्हणाले, "बेन, टेन्शन नाय घ्यायचा. पुढचा बेअरिंग गेला."

"डावीकडचं," मी आगाऊपणाने सांगितलं. "डावीकडे वळताना वाढतो."

"डावीकडे वळलं की भार उजव्या चाकावर येतो," दादा मागून म्हणाला. तो कारखान्यात फिटर होता. अशा माणसाचं डोकं बिघडलंय म्हणे, असं माझ्या मनात आलं आणि अमोलचा रागच आला.

दिनेशभाईंनी जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली. डावं चाक हाताने गरकन फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा वरच्या स्प्रिंगवर ठेवला. काही नाही. मग उजवं फिरवलं आणि मला म्हणाले, "बेन, हात ठेवा इथं." मी ठेवला. स्प्रिंगमधून बारीक खरखर हातात आली, जात्यात खडा सापडावा तशी. चाक वर-खाली धरून हलवलं तर खुळखुळत होतं. असंच चालवत राहिलं असतं तर चाक एखाद दिवशी जाम झालं असतं नाही तर निखळलं असतं, ते म्हणाले, आणि हायवेवर मागून कंटेनर.

बदलायची तर दोन्ही बाजूंची, असं दादाचं आणि त्यांचं एकमत झालं. बेअरिंग ज्यात घट्ट बसवलेलं असतं तो लोखंडी भाग, ज्याला गॅरेजवाले नकल म्हणतात, तोच खोलून डहाणूला न्यायचा होता. जुनं दाबून काढायचं आणि नवं दाबून बसवायचं मशीन तिथे होतं. हातोड्याने ठोकून बसवलं तर नवंही महिन्यात बोंबलतं. म्हणजे गाडी दुसऱ्या दिवशी मिळणार.

बाजूला चहाची टपरी होती. टपरीवाली वारली आदिवासी बाई, जमनाबाई, वयाने माझ्याएवढीच. दादा बाकड्यावर मान कलती करून बसला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काय ऐकता बाबा?"

दादाने ओठ मिटून तो सूर तिला काढून दाखवला. तिचा चहा गाळता हात थांबला.

"तारपा हाय तो," ती म्हणाली. तारपा (भोपळ्याचं आणि बांबूचं, फुंकून वाजवायचं लांब वाद्य) मी चित्रातच पाहिला होता. "पन आता कोन वाजवील? भात हिरवा हाय. नवा भात होईस्तोवर तारपा नाय काढत आमी."

"मग ऐकू आला तर?" दादाने विचारलं.

"ऐकू आला तर पाठ नाय करायची. नाचताना बी तारप्याला कोन पाठ नाय दावत. तोंड तिकडंच ठेवायचा, नि मागं-मागं निघायचा."

"अहो, बेअरिंगचा आवाज आहे तो," मी म्हटलं.

"असंल," जमनाबाई म्हणाली आणि चहा पुढे केला. चहा गवती पातीचा होता, पण मला गोड लागला नाही.

एसटीने झाईला पोहोचलो. वसंताच्या बायकोने ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. गावात निम्मं मराठी, निम्मं गुजराती. वसंता गड्यांशी तिसऱ्याच भाषेत बोलतो. चिकूच्या वाडीत दिवसाही अंधारून येतं, फांद्या जमिनीला टेकलेल्या, आणि पिकल्या फळांचा आंबूस वास. दादा मला किनाऱ्यावर घेऊन गेला. ओहोटी लागली होती, समुद्र दिसेनासा झाला होता, नुसती ओली करडी वाळू. वहिनी असताना दोघं दर वर्षी इथे यायची आणि गाडी या वाळूवर हौसेने फिरवायची.

"तेच खारं पाणी शिरलं असणार बेअरिंगमध्ये," दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीलाच हौस. म्हणायची, अजून पुढे घे, अजून पुढे."

सुरूच्या झाडांतून वारा घुमत होता. मी त्याच्याकडे बघितलं. "हा वेगळा," तो लगेच म्हणाला.

"घरात ऐकू येतो तो कुठला मग?" मी अखेर विचारलंच.

 आणि त्याने तोंड उघडायच्या आत मीच घाईघाईने उत्तर देऊन टाकलं, की दिवसभर हेडफोन लावला की रात्री माझ्याही कानात घंटी वाजायची, तसंच असेल. "तसंच असेल," दादा म्हणाला. किती पटकन मानलं त्याने.

दुसऱ्या दिवशी तलासरीला गाडी तयार होती. दिनेशभाईंनी जुनं बेअरिंग हातात ठेवलं. ग्रीसचा तपकिरी चिखल झाला होता, आतल्या पट्टीवर गंजाचे खड्डे पडले होते. दादाने ते कानाशी धरून बोटाने फिरवलं, रुमालात बांधलं आणि पिशवीत टाकलं. हायवेवर गाडी अगदी गप्प धावली. मी श्वास रोखून ऐकलं. डावं वळण, उजवं वळण, काही नाही.

"गेला," दादा म्हणाला आणि छान हसला. "पार गेला!"

मी तिथूनच अमोलला फोन लावला. "चाकाचाच आवाज होता रे. उगाच बापाला वेडा ठरवत होतास." अमोल फोनवर रडला. मला फार हलकं वाटलं, आपल्या कानांचा अभिमानही वाटला.

विवळवेढ्याला दादाने पुन्हा गाडी थांबवली. पाय मोकळे करू म्हणाला. मी पाण्याची बाटली शोधत आतच बसले. तो कालच्याच जागी बांधावर जाऊन उभा राहिला. डोंगर आजही ढगात होता, शेतं तशीच निश्चल. इंजिन बंद होतं.

थोड्या वेळाने दादा परत यायला निघाला. तोंड शेताकडेच होतं. एक पाऊल मागे, मग दुसरं, हाताने मागची हवा चाचपत, पाठ एकदाही शेताकडे न करता तो गाडीकडे येत होता.

 आवाज गेला नव्हता. आणि मी अमोलला शब्द देऊन बसले होते.

मी दार उघडून धावले आणि तो बांधावरून घसरायच्या आत त्याचा दंड धरला. त्याला कळलं, मला कळलंय. त्याची मान खाली गेली.

"शैला, घर सोडायचं नाही गं मला," तो म्हणाला. "त्याचा त्रास नाही होत. सोबत होते."

मी जीव कानात आणून ऐकलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. प्रवासाहून परतताना माणूस काहीबाही घेऊन येतो. मी हे एक खोटं घेऊन आले. अमोलचा रोज फोन येतो, आणि मी रोज तेच सांगते, की चाकाचाच आवाज होता.

 त्या दिवशी बांधावर मात्र मी दादाच्या शेजारी उभी राहिले, शेताकडे तोंड केलं, आणि आम्ही दोघं मागे-मागे चालत गाडीपर्यंत आलो.