दुसरा थर

एप्रिलमधल्या एका दुपारी, लातूरच्या आमच्या घरातल्या जुन्या संगणकावर माझ्या लग्नाचं चित्रीकरण शेवटच्या ड्युअल लेयर डीव्हीडीवर उतरत असताना, नळाला पाणी आलं.

लातूरमध्ये ही बातमी कुणाला सांगावी लागत नाही. आठवड्यानं येणाऱ्या पाण्याची खरखर पाइपात उमटते, तापलेल्या सिमेंटवर पडलेल्या पहिल्या थेंबांचा करपट वास उठतो आणि गल्लीतल्या मोटरी जणू एकाच श्वासात सुरू होतात. मग पंखा पाती मोजता येतील इतका संथ फिरतो आणि दिव्याचा उजेड जुन्या तुपासारखा पिवळा पडतो. संगणकाला यूपीएस नव्हता. हार्ड डिस्क सकाळपासून टकटकत होती. एकदा बंद पडली तर पुन्हा उघडेलच असं नाही, हे दुरुस्तीवाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. यूएसबीची तोंडं निकामी, म्हणून डीव्हीडी. चित्रीकरण साध्या डिस्कवर मावेना, म्हणून दोन थरांची. नांदेडच्या एका बंद होत आलेल्या फोटो स्टुडिओत अशा दोनच मिळाल्या. पहिली आदल्या दिवशी वाया गेली, लेसर पहिला थर संपवून दुसऱ्यावर वळत असतानाच.

पहिल्या थरात पाहुणे, पंगत, हसणाऱ्या मावश्या. दुसऱ्यात माझे वडील. अण्णा बौद्धाचार्य; गल्लीतली कितीतरी लग्नं त्यांनी लावली, माझंही. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ते गळ्यावर पांढरा रुमाल बांधतात आणि स्टीलचा पेला वाजवून हाक मारतात. त्यांचा आवाज आता या एकाच हार्ड डिस्कमध्ये उरला होता.

पाण्याची खरखर ऐकताच आईचा हात सवयीनं मोटरच्या बटणाकडे गेला. अण्णांनी तो मनगटाशी धरला. पण गल्लीचे हात कोण धरणार? संगणकाचा पडदा एकदा थरथरला. डिस्क किती भरली ते दाखवणारी पट्टी बरोबर मध्यावर येऊन थांबली होती आणि डीव्हीडी ड्राइव्हचा आवाज बंद झाला होता. कूलर मुद्दाम बंद ठेवलेल्या त्या खोलीत सुकलेल्या वाळ्याचा आणि तापलेल्या धुळीचा वास दाटला होता, आणि खुर्चीवरून उठले तर सगळं तुटेल अशा भीतीनं मी पापणीही लववत नव्हते.

अण्णा पेला घेऊन बाहेर पडले. शेजारच्या लोखंडी फाटकावर तो खणखणला, तशी शोभामावशी पदर खोचत धावत आली.

“काय झालं अण्णा? दम लागला का?”

अण्णांनी तिच्या मोटरीकडे बोट केलं, मग माझ्या खिडकीकडे, मग गळ्यावरच्या रुमालाकडे. मागून आई पोचली. “मोटर बंद कर गं शोभा. ह्यांच्या आवाजाची कॅसेट भरायलीय पोरगी. लाइट गेली तर आवाज बी गेला.”

“आठ दिसांनी पाणी आलंय, वैनी!”

“मला ठावं न्हाई का?”

मावशीनं एकदा अण्णांच्या रुमालाकडे पाहिलं. मग आत जाऊन तिनं बटण दाबलं आणि परत येऊन गल्लीभर ओरडली, “बंद करा रे मोटरी! सुरेश, तुझं लगीन कुणी लावलं, इसरलास का? घागरीनं भर आज!”

“पाणी गेलं तर तुझ्याच दारात आंघोळीला येतो मावशी!”

“ये की. साबण मात्र तुझा आण.”

एकेक मोटर थांबत गेली. पंख्यानं वेग घेतला. ड्राइव्ह मात्र गप्पच होता. बाहेर घागरी भरल्याचे आवाज येत होते आणि त्यांच्यातून मी फक्त एका घरघरीची वाट पाहत होते. ती आली. पहिला थर लेसर आतून काठाकडे लिहीत जातो. दुसरा काठाकडून आत, गेल्या वाटेनं परतल्यासारखा. भीती मात्र ओसरली नाही. ती पट्टीबरोबर, तिच्याइतकीच सावकाश, पुढे सरकत राहिली.

उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा डिस्क भरून तिची पडताळणी पूर्ण झाल्याचा संदेश आला. मी संगणक बंद केला. तो नंतर सुरू झाला नाही.

लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडून डिस्क लावली आणि उत्तरार्धावर नेली. आधी थोडी खरखर, मग अण्णांचा आवाज, वधूवरांना उभं राहायला सांगणारा. अण्णा पेला मांडीवर ठेवून ऐकत होते. शोभामावशी घागर कमरेवर घेऊन दारात आली होती. पडद्यावर लग्न लागेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. घागर रिकामी होती. ती भरायच्या आधीच नळ गेला होता.