उंबरठ्यावरची सुई

आमच्या जेवणाच्या टेबलाला पॉलिश करायला जो माणूस येतो, त्याला सुतारखान्यात ‘महाराज’ म्हणतात. कौतुकाने नव्हे. स्पिरिटची बाटली उघडण्याआधी तो डोळे मिटून, हात जोडून दोन मिनिटं उभा राहतो. तेवढ्यात कोणीतरी विचारतंच, महाराज, तीर्थ कधी वाटणार? तो हसत नाही आणि चिडतही नाही.

पॉलिशचा चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्येच विरघळतो, आणि पूर्वी दारू मिळाली नाही की हा माणूस तेच स्पिरिट पाणी घालून प्यायचा. सोडल्यावर धंदाही बदल, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याची प्रार्थना मी एकदा विचारून घेतली होती. “देवा, हे लाकडाचं आहे, माझं नाही. आजचा दिवस एवढं ध्यानात राहू दे.”

त्याची बायको शिवणकाम करते. पीत होता ती नऊ वर्षं त्याने तिला मारलं. तिचा डावा कान त्यातच गेला. सोडल्यावर तिने त्याला घरात घेतलं ते एका अटीवर. अंगाला रोजच स्पिरिटचा वास, तेव्हा वासावरून काय कळणार? म्हणून संध्याकाळी तो दारात आला की ती सुई-दोरा पुढे करी. तीन खेपांत दोरा ओवला तर आत, नाहीतर बाहेर. शेजारचे जिन्यात उभे राहून बघत, पोरं मोठ्याने खेपा मोजत. सात वर्षं तो पहिल्याच खेपेला ओवत होता.

आठव्या वर्षी दोन खेपा लागू लागल्या. त्याच सुमारास माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक डाग तसाच राहिला. मी बोलले, तेव्हा त्याने कबूल केलं. डोळ्यांच्या शिरा सुकत चालल्या होत्या. चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी म्हटलं, बायकोला सांगून टाक.

“दारुड्याने द्यायची सगळी कारणं मी तिला देऊन बसलोय, बाई. आता खरं सांगायला तोंड कुठलं?”

एका गुरुवारी तिन्ही खेपा चुकल्या. तिने सुई परत घेतली आणि दार लावलं.

शुक्रवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला माझ्याकडे आला. बाटली काठोकाठ भरलेली होती. त्या दिवशी तो दोन मिनिटं नाही, चांगला अर्धा तास हात जोडून उभा होता. स्वयंपाकघराच्या दारातून मी बघत होते. मला वाटलं, आता हा पितो. मग त्याने बूच काढलं, कापसाचा बोळा भिजवला आणि टेबलावर वाकला.

दुपारी मी त्याच्या बायकोकडे गेले. तिच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं, तो प्यायलेला नाही, त्याचे डोळे गेलेत.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. तिने सुयांची डबी उघडली. पहिल्या वर्षीची सात नंबरची होती. आता ती बारा नंबरची देत होती, केसाएवढी. वर्ष-दीड वर्षाने ती एकेक नंबर बारीक करत आली होती.

“मग तो प्यायलेला नाही हे माहीत असून बाहेर काढलंस?”

“प्यायलेल्याला काढून काय मिळतं? त्याला दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाही.” तिने मशीनवरचं कापड सरळ केलं. “ह्याला आता सगळं आठवतं.”

त्याला हे सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. तो बोळा धूत होता.

“सुई कितीची आहे ते बोटाला कळतं, बाई. मला पहिल्यापासून माहीत होतं.”

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. तो सुतारखान्यात फळ्यांवर झोपतो. रोज संध्याकाळी नळावर अंग धुऊन घरी जातो, उंबरठ्यावर उभा राहतो. ती बारा नंबरची देते. तिन्ही खेपा चुकतात आणि तो परत येतो. पोरांनी मोजणं कधीच सोडलंय. त्या गुरुवारनंतरही आजपर्यंत तो थेंबाला शिवलेला नाही.

परवा मी म्हटलं, कशाला जातोस रे आता तिथे?

“ती अजून दार उघडते ना,” तो म्हणाला, आणि चाचपडत बाटलीचं बूच बसवू लागला.