टाळ्यांनंतरची टेप

नव्या रबराचा वास आला की सौदीतल्या रास तनुराची आमची खोली आठवते. आखाती युद्ध पेटलं होतं, विषारी वायूची भीती होती, आणि कंपनीने त्यापासून वाचवणारे रबरी मुखवटे मागवले होते. ट्रकमधून खोकी आम्हीच उतरवली, हातांचा रबराचा वास खोलीभर झाला, वाटप मात्र फक्त साहेबांना झालं. आम्हा मजुरांना सांगितलं, टॉवेल ओला करून तोंडावर धरा. मी संतापाने धुमसत होतो, त्यातच गावाहून भावाची कॅसेट आली. तेव्हा घरचे पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. या खेपेला त्याने निवडणुकीतल्या उमेदवाराचं भाषणच भरलं होतं. "गावात उच्चनीच राहू देणार नाही, हक्क सगळ्यांना सारखे!" उमेदवार गरजला. मी खाटेवर बसून टाळ्या वाजवल्या. खोलीतला रत्नागिरीचा चाचा म्हणाला, "तुमच्याकडं बोलणारा तरी हाय रे!" भाषण संपलं, पण टेप चालूच होती. तोच आवाज आता हळू बोलत होता, "आधी आपली पंगत उठू दे. बौद्धवाडीतल्यांना मागं गोठ्याकडं बसवा." बौद्धवाडी म्हणजे आम्ही. तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजला. चाचाने ओला टॉवेल माझ्या हातात कोंबला, "यल्ला, चल, तोंडावर धर!" मी तो भिंतीवर भिरकावला. परवा भावाला म्हटलं, "तेव्हा टेप बंद करायला विसरलास ना?" तो म्हणाला, "विसरलो नव्हतो. तू तिकडे टाळ्या वाजवत बसशील, हे ठाऊक होतं मला."